नांगर एकाचा, नुकसान दुसऱ्याचे

शिडाच्या खासगी नौका बाळगणाऱ्या हौशी मंडळींत हिवाळा तोंडावर आला की नांगराची चर्चा रंगते. फाळाचा नांगर बरा की पंजाचा, सबंध साखळी असावी की पुढे साखळी आणि मागे दोर, यावर तासन्‌तास वाद चालतो. त्या वादास आमची हरकत नाही. हरकत आहे ती त्याच्या शेवटी हमखास येणाऱ्या निकालास : नौका ज्याची, नांगर त्याचा, इतरांनी त्यात तोंड घालू नये, आणि वादळात नांगर सुटलाच, तर ती दैवी आपत्ती समजावी.

मेक्सिकोतील काबो सान लुकास येथे डिसेंबर १९८२ मध्ये काय घडले ते पाहा. तेथील समुद्रतळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल उतरतो. म्हणून साऱ्या नौका किनाऱ्यालगत दाटीने उभ्या होत्या. ज्या आग्नेय दिशेस उपसागर उघडा, तिकडूनच वादळ आले. एकीचा नांगर सुटला की ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर, असे होत एका रात्रीत वीसहून अधिक नौका वाळूवर येऊन पडल्या. १९६८-६९ च्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीतून बाहेर पडून थेट ताहितीस गेलेले बर्नार मोइतेसिए यांची ‘जॉशुआ’ही त्यांत होती. तेव्हा, माझा नांगर हा माझा खासगी प्रश्न, हे म्हणणे कोठे उरले?

आपल्या भाषेत शेतातल्या आणि गलबतावरच्या अवजारास एकच शब्द आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये नौकेसाठी जो नांगर काढला, तोही शेतातल्या फाळाच्याच घडणीचा. फाळ जमिनीत शिरतो तो ओढ जमिनीलगत असेल तरच. ती आभाळाकडे असेल तर तो उपटून निघतो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी, आणि दोर असल्यास सातपट लांबी सोडावी, असा जुना दंडक आहे. ही खोली भरतीची, आणि तीही नौकेच्या नाळेपासून मोजावयाची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. शांत दुपारी तिप्पट दोरावर डुलणारी नौका रात्री सुटते, यात दैवाचा हात कोठे आहे? उलट, जो पुरेसा दोर सोडतो त्यालाच शेजारी दरडावतात, की तू फार जागा अडवतोस!

कायद्याने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. ‘लुइझियाना’ या जहाजाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६५ मध्ये सांगितले, की बांधलेल्या जागेवरून वाहत जाऊन जे जहाज दुसऱ्यावर आदळते, त्यानेच नुकसान भरावे. मानवी कौशल्य आणि खबरदारी यांनी ते टळणे शक्य नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्याच शिरावर. असे वादळ कधी येत नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु खबरदारीचा पुरावा पुढे न ठेवता दैवाचे नाव घेणाऱ्यास त्याचा आसरा मिळत नाही.

हे सारे परदेशचे, असे येथे कोणी म्हणू नये. आपल्या किनाऱ्यावर पावसाळा हाच धोक्याचा आणि हिवाळा हा निर्धास्तपणाचा काळ, अशी समजूत आहे. नारळी पौर्णिमेस नारळ वाहून समुद्रात उतरणाऱ्या कोळ्यांनी ती अनुभवातून घडविली. पण डिसेंबर २०१७ च्या ‘ओखी’ वादळाने तीस तडा दिला. गोव्याच्या किनाऱ्यावर ऐन हंगामात लाटा चढून आल्या आणि दूर दक्षिणेतल्या मच्छीमारांच्या होड्यांना कोकणच्या बंदरांचा आश्रय घ्यावा लागला.

म्हणून आमचे मागणे थोडकेच आहे. मांडवीत वा अन्यत्र जेथे हौशी नौका उभ्या राहतात, तेथे प्रत्येक मालकाने किती साखळी सोडली आहे ते शेजाऱ्यास विचारण्याचा हक्क असावा आणि सांगणे हे कर्तव्य असावे. वादळाची सूचना मिळताच नौकेवर माणूस असावा, अथवा नौका आतल्या पाण्यात न्यावी. याने कोणाचे स्वातंत्र्य बुडत नाही. बुडते ती शेजाऱ्याची नौका, आणि तीही त्याने पाचपट साखळी सोडलेली असताना.