झेरॉक्सचा धाक आणि कलम ५२

वर्गात वाटण्यासाठी पुस्तकातील धड्याची झेरॉक्स काढली तर गुन्हा होतो काय, असा प्रश्न सीमाभागातील मराठी शाळांचे शिक्षक आम्हाला नेहमी विचारतात. मराठी संदर्भग्रंथ खेड्यात विकत मिळत नाहीत. तालुक्याला जावे तर दुकानात गाईडांपलीकडे फारसे काही नसते. एका प्रतीवर अख्खा वर्ग चालवायचा, आणि त्या प्रतीवर ‘सर्व हक्क राखीव’ असे छापलेले!

दिल्ली उच्च न्यायालयाने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी हे लहानसे दुकान आणि दिल्ली विद्यापीठ यांच्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांचे गठ्ठे विद्यार्थ्यांना विकले जातात, ही तक्रार. मागणी ६० लाखांच्या भरपाईची. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबरला खंडपीठाने गठ्ठ्यांतला मजकूर शिकवण्यास खरोखर लागत होता काय, एवढे तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. पण शिकवण्याला लागेल तेवढे घेता येते, पानांची ठरावीक मर्यादा नाही, हे तत्त्व मान्य केले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

दिल्लीचा निकाल कर्नाटकातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, हे खरे. परंतु ज्या कलमावर तो उभा आहे ते १९५७ च्या केंद्रीय कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ आहे आणि ते बेळगावलाही लागू आहे. शिक्षकाने वा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत, तसेच प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा, यांना त्यात स्पष्ट सूट आहे.

गावोगावच्या वाचनालयांसाठी याच कलमात आणखी एक सोय आहे. जे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. वाळवी लागलेली जुनी मराठी पुस्तके वाचवायला एवढे पुरे आहे. शिवाय लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ पासून त्यांचे लेखन कोणीही छापू शकतो.

मात्र सूट म्हणजे लूट नव्हे. नवे मराठी पुस्तक अख्खे स्कॅन करून व्हॉट्सअॅपवर फिरवणे कोणत्याही कलमात बसत नाही. मराठी प्रकाशकाची आवृत्तीच मुळात लहान असते, तिथे आपणच हात मारला तर पुढचे पुस्तक निघणार कसे?

सध्या हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे तो कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीवर नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातच दावा लावला. केंद्राच्या उद्योग खात्याने नेमलेल्या समितीनेही डिसेंबर २०२५ मध्ये अशा कंपन्यांकडून लेखक-प्रकाशकांना मानधन मिळावे, असा प्रस्ताव मांडला. मानधनाला आमचा विरोध नाही. चिंता निराळी आहे. बड्यांच्या भांडणात कायदा दुरुस्तीला निघालाच, तर शिक्षकाच्या आणि वाचनालयाच्या ओळींना धक्का लागता कामा नये. मुख्याध्यापकांनी आणि वाचनालयांच्या चालकांनी न मिळणाऱ्या मराठी पुस्तकांच्या याद्या आताच करून ठेवाव्यात. हरकती मागवल्या गेल्या तर त्या जोडता येतील.