कार्बनच्या पट्टीआड दडलेला गंज

कल्याण पूर्वेतील 'सप्तशृंगी' इमारतीच्या चौथ्या मजल्याचा स्लॅब मे २०२५मध्ये खालच्या मजल्यांवर कोसळून सहा जणांचा बळी गेला. त्याआधी मे २०२१मध्ये उल्हासनगरच्या 'साईसिद्धी' इमारतीत अशाच रीतीने सात जण दगावले होते. अशा दुर्घटनांनंतर जुन्या इमारतींतील रहिवाशांना दुरुस्तीची आठवण होते. तडे गेलेल्या स्लॅबला खालून कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटविण्याचा पर्यायही त्यात आता पुढे येतो. मात्र, तो सरसकट उपाय नव्हे.

या तंत्राची ताकद वादातीत आहे. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नजवळच्या इबाख पुलाच्या दुरुस्तीत १९९१मध्ये सुमारे १७५ किलो पोलादाचे काम अवघ्या सहा किलो कार्बन पट्ट्यांनी केले. पट्टी हलकी, न गंजणारी आणि ताण सोसण्यात पोलादापेक्षा कित्येक पट सरस असते. गज कमी पडल्याने किंवा भार वाढल्याने वाकणाऱ्या स्लॅबला ती खरोखरच तारते.

मुंबई परिसरातील दुखणे बहुतांशी वेगळे आहे. खारी हवा आणि गळती यांमुळे आतले गज गंजतात. गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतून फुटते. पट्टी हा गंज थांबवत नाही, उलट त्याला नजरेआड करते. शिवाय सुटलेल्या काँक्रीटवर चिकटविलेली पट्टी काँक्रीटसह अचानक निखळू शकते. इपॉक्सी उष्णतेने मऊ पडत असल्याने आगीत तिचा भरवसा नसतो. म्हणूनच पट्टी निकामी झाली तरी मूळ स्लॅबने किमान भार पेलला पाहिजे, असा दंडक अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने घालून दिला आहे.

खरा प्रश्न तपासणीचा आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी, तर त्यापुढील इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. परंतु, केवळ कागदी अहवालाने जीव वाचत नाहीत. मुंबईतील हिमालय पादचारी पूल तपासणीत वापरयोग्य ठरूनही मार्च २०१९मध्ये कोसळला होता.

त्यामुळे गंज किती पसरला, काँक्रीटची ताकद किती उरली आणि पृष्ठभाग पट्टी धरून ठेवेल काय, याच्या चाचण्या आधी व्हायला हव्यात. गळती बंद करणे, सैल काँक्रीट काढणे व गजांवर प्रक्रिया करणे ही कामे त्यानंतरची; पट्टीचा क्रमांक शेवटचा. हा क्रम उलटला, तर रहिवाशांच्या पदरी सुरक्षिततेऐवजी तिचा आभासच पडेल.