कोयत्याला कसला गर्भसंस्कार?

पोटातल्या बाळाला मंत्र ऐकवणाऱ्या वर्गांचे पेव फुटले आहे. विज्ञान वेगळेच सांगते. आईवर सततचा ताण असेल तर रक्तातले कॉर्टिसॉल वाढते, वार ते पुरते अडवू शकत नाही. मूल अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. बीडची ऊसतोडणी करणारी भगिनी पोटुशी असतानाही मोळी वाहते. खाडा पडला की दंड, आणि उचल फिटतच नाही. तिला कोणता मंत्र ऐकवणार? प्रसूतीपूर्वी स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, हे बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात ठणकावले होते. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण नोकरदारणींची! मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’. साखर कारखान्यांनी तिची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद करावी, गरोदरपणातली बुडालेली मजुरी भरून द्यावी, ही आमची मागणी आहे.