मामंजींची बाराबंदी

मैत्रिणींनो, ब्लाऊजची बाही अर्धा इंच घट्ट झाली तर आपण शिंप्याशी दहा मिनिटं हुज्जत घालतो. पण घरातल्या पुरुषांचा सदरा? तो आपण दुकानात नुसता नंबर सांगून आणतो. मीही तेच करत होते. गेल्या वर्षी मात्र चांगला धडा मिळाला, तो आज तुम्हांला सांगते.

आमचं घर पेणजवळ जिते इथं. हमरापूर, जोहे, जिते हा सारा भाग गणपतीच्या कारखान्यांचा. मामंजींनी उभं आयुष्य मूर्तींच्या डोळ्यांची आखणी केली. मार्गशीर्षात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि नेमका उजवा हात गेला.

दवाखान्यातून घरी आणल्यावर रोज सकाळी सदरा घालायची वेळ आली की माझ्या पोटात गोळा येई. डोक्यावरून घालावा तर हात वर होत नाही. पुढून उघडा शर्ट घ्यावा तर हात मागे जात नाही. मी दोन नंबर मोठा तयार शर्ट आणला. तो गळ्याशी ढगळ झाला, खांद्यावरून घसरला, पण बाहीत हात काही सरळ जाईना. त्या ओढाताणीत एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे सूनबाई, पंचा बरा," म्हणाले. तेव्हापासून कुणी भेटायला आलं की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. कारखान्याचं तर नावच काढीनात.

चैत्रात ट्रंका उन्हात टाकताना आजेसासऱ्यांची एक बाराबंदी हाती आली. कापड पार विरलेलं, पण शिवण शाबूत. मी ती पलंगावर पसरून नीट पाहिली. पुढून पूर्ण उघडी. एक पदर दुसऱ्यावर घ्यायचा आणि बंद बांधायचे. बंदांच्या सहा जोड्या, म्हणून बाराबंदी. शर्टाची बाही गोल कापलेल्या मुंढ्यात बसवतात, इथं ती सरळ जोडलेली आणि बगलेत चौकोनी तुकडा, चौबगला, घातलेला. त्या चार बोटांच्या तुकड्यामुळे हात घालायला जागा मिळते आणि बगलेत शिवण उसवत नाही. जुन्या शिंप्यांना शरीर किती कळत होतं!

बाराबंदी काही इतिहासजमा झालेली नाही बरं का. सोलापूरला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत भक्तमंडळी पांढऱ्या बाराबंदीतच असतात. आणि अंगासाठी कपडा बेतण्याची ही हौस फक्त आपलीच नाही. तिकडे आफ्रिकेत, नायजेरियातले योरुबा पुरुष आपल्या लेंग्यासारखी विजार, वर सैल सदरा आणि समारंभाला त्यावर 'अग्बादा' नावाचा घोळदार झगा घालतात. त्याचं जुन्या पद्धतीचं कापड हातमागावरच्या अरुंद पट्ट्या जोडून करतात, आणि लग्नकार्यासाठी तो आजही शिंप्याकडून शिवून घेतात.

ती बाराबंदी घेऊन मी पेणला एका म्हाताऱ्या टेलरमास्तरांकडे गेले. सोबत मामंजींचा जुना सदरा मापाला नेला होता. त्यांनी तो बाजूला सारला. "वहिनी, हे आजारापूर्वीचं माप. आता माणूस बघायला हवा." रविवारी ते टेप घेऊन घरी आले. मामंजी जसे बसतात तसंच बसवून त्यांनी माप घेतलं, दोन्ही खांद्यांचं वेगवेगळं. उजवा खांदा खाली उतरला होता, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर एवढं ध्यानात ठेवा. कापड सुतीच घ्या, कोकणातल्या दमट हवेत टेरिकॉट अंगाला चिकटतं. आम्हांला छत्तीस इंच पन्ह्याचं अडीच मीटर लागलं. बेतण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, मग इस्त्री करा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. एका हातानं बंद बांधता येत नाहीत, म्हणून आम्ही वरचे बंद शोभेला ठेवले आणि आतून चिकटपट्टी लावली, चालत्या हाताला पोचेल अशा ठिकाणी. बाही मनगटाशी रुंद ठेवा. घालताना आधी दुबळा हात, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला, मग दुबळा. आणि शिवण पक्की करण्यापूर्वी कच्चा धावदोरा घालून एकदा अंगात घालून बघा.

शिलाई तयार शर्टापेक्षा जास्त पडली, खोटं कशाला सांगू? ह्यांनी जरा कुरकुर केली. पण श्रावणात शेजारच्या कारखान्यात मूर्तींना कापडाची धोतरं नेसवायचं काम चालू होतं, तेव्हा मामंजी बाराबंदी घालून, काठी टेकत तिथं जाऊन खुर्चीवर बसले. हात चालत नाही, पण पोरांना सांगत होते, "नजर अजून जरा खाली घे. भक्ताकडे बघायला हवं."

तेव्हापासून ते रोज जातात. सकाळी खोलीचं दार लोटून स्वतःच्या हातानं कपडे घालतात. पंधरा मिनिटं लागतात. मी बाहेर चहा झाकून ठेवते, पण आत जात नाही.