परतीच्या तिकिटाची लाज कशाला?

निवृत्त झालेला एखादा प्राध्यापक, किंवा आपल्या मंडळीकडून महिन्याभराची रजा मागून घेतलेला एखादा पाळक विमानाने दुसऱ्या खंडात जातो, तिथल्या सेमिनरीत किंवा गावच्या चर्चमध्ये तीन आठवडे बायबल शिकवतो आणि आपल्या बायकामुलांत परत येतो. जेट विमाने आली तेव्हापासून ख्रिस्ती जगात ही गोष्ट नेहमीची झाली आहे. लोरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था सुरू केली ती तरुणांना थोड्या काळासाठी परदेशी धाडण्याच्या कल्पनेवरच. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजानुसार २००५ च्या सुमारास वर्षाला १६ लाख अमेरिकी चर्च-सदस्य अशा दौऱ्यांवर परदेशी जात होते. त्यांतले पुष्कळसे घरे बांधायला, भिंती रंगवायला जाणारे. शिकवायला जाणारे थोडे. टीका मात्र सगळ्यांवर एकच होते. हे धार्मिक पर्यटन आहे, खरा मिशनरी जन्मभर राहतो, परतीचे तिकीट खिशात ठेवून कसली आली आहे सेवा? या टीकेतला पर्यटनाचा भाग मला बराचसा पटतो, परतीच्या तिकिटाचा अजिबात पटत नाही. घरी परतणे हा या कामातला सर्वांत निरोगी भाग आहे. दोष दुसरीकडे आहे: एकदा शिकवून गेलेला माणूस त्याच वर्गावर पुन्हा क्वचितच उभा राहतो.

जन्मभर राहणाऱ्यांची थोरवी गाताना त्यांच्या घराचे काय झाले हे सहसा सांगितले जात नाही. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात उतरले. मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) त्यांच्या नावावर आहेत, त्यामुळे आपल्याला ते परके नाहीत. त्यांची पत्नी डोरोथी मुळात यायलाच तयार नव्हती. मनधरणी झाल्यावर ती आली, पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला आणि तिचे ढासळलेले मन १८०७ मध्ये मरण येईपर्यंत सावरले नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या गॉर्डन हॉल यांनी १८२५ मध्ये पत्नी आणि दोन मुलांना अमेरिकेच्या जहाजात बसवले. एक मुलगा वाटेतच दगावला. पुढच्या वर्षी नाशिकच्या बाजूला हिंडत असताना हॉल स्वतः पटकीने गेले. याला त्या काळची रोगराई म्हणून सोडून देता आले असते, पण ताटातूट ही नुसत्या रोगराईची करणी नव्हती, ती रीतच होती. मिशनऱ्यांच्या मुलींसाठी इंग्लंडात १८३८ मध्ये आणि मुलग्यांसाठी १८४२ मध्ये खास निवासी शाळा निघाल्या, कारण आईबाप एका खंडात आणि मुले दुसऱ्या खंडात असे गृहीतच धरलेले होते. मुलग्यांची शाळा पुढे एल्थम कॉलेज म्हणून ओळखली गेली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारा एरिक लिडेल तिथलाच. चीनमध्ये जन्मलेला हा मुलगा सहाव्या वर्षी भावासह या शाळेत ठेवला गेला आणि आईबाप चीनला परतले. पुढे तोही चीनमध्ये मिशनरी झाला. युद्धाचे ढग जमले तेव्हा, १९४१ मध्ये, त्याने गरोदर पत्नी आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. फेब्रुवारी १९४५ मध्ये जपान्यांच्या नजरकैद छावणीत तो वारला तेव्हा तिसऱ्या मुलीचे तोंडही त्याने पाहिलेले नव्हते. लिडेलच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण एकाच घरात दोन पिढ्या बाप मुलांना मुकतो आणि मुले बापाला मुकतात, हे ज्या व्यवस्थेत सहज घडते तिला आदर्श मानून आजच्या शिक्षकाला लाजवायचे, हे कोणत्या न्यायाने?

यावर मराठी वाचकाच्या मनात जो आक्षेप येईल तो वजनदार आहे. ही माणसे परत गेली असती तर आपल्या पदरात काय पडले असते? थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले, आणि चाळीस वर्षांनी गोव्याच्या भूमीवरच त्यांचा देह पडला. ‘ख्रिस्तपुराण’ हे त्या चाळीस वर्षांचे फळ. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांची शाळा पाहून मुलींच्या शिक्षणाची उमेद बांधल्याचे खुद्द जोतीराव फुल्यांनी सांगितले आहे. तीन आठवड्यांच्या पाहुण्याकडून यातले काहीही झाले नसते, हे निर्विवाद. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. स्टीफन्स ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेले जेझुइट होते आणि फरारबाई अविवाहित. मागे मुले टाकून कोणीही आलेले नव्हते. (जन्मभराचे काम कोणाला झेपते याचा धडा त्यातच आहे, पण मिशन मंडळांनी तो फारसा घेतला नाही.) दुसरे असे की ते काम शून्यातून उभे करण्याचे होते. व्याकरण, छापील पुस्तक, मुलींच्या शाळा, सगळे पहिल्यांदा. आज ती स्थिती नाही. पुण्यातले ज्ञानदीप हे कॅथलिक विद्यापीठ मूळचे श्रीलंकेतल्या कँडीचे, १८९३ मध्ये निघालेले आणि १९५५ मध्ये पुण्यात आलेले. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये बिबवेवाडीत हलली. ग्रंथालये आहेत, पीएच.डी. झालेले इथलेच प्राध्यापक आहेत. आफ्रिकेत आज जगातल्या कोणत्याही खंडापेक्षा जास्त ख्रिस्ती राहतात. अशा ठिकाणी जन्मभरासाठी ठाण मांडणारा परदेशी शिक्षक पुष्कळदा स्थानिक शिक्षकाची जागा अडवतो. नेमकी उणीव असलेला एखादा विषय, म्हणजे हिब्रू म्हणा की हस्तलिखितांचा अभ्यास, शिकवून बाजूला होणारा पाहुणा त्यांना जास्त उपयोगी पडतो.

मग पर्यटनाच्या आरोपाचे काय? त्याला पुरावा आहे. हरिकेन मिचने १९९८ मध्ये होंडुरासची वाताहत केली, तेव्हा उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरे बांधायला गेले. होंडुरासमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले कर्ट व्हर बीक यांनी नंतर त्या घरांचा आणि त्या गटांचा अभ्यास केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. परदेशी गटांनी बांधलेल्या आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांत राहणाऱ्यांच्या आयुष्यात त्यांना फरक सापडला नाही. फरक होता तो खर्चात. घर सुमारे २,००० डॉलरचे, आणि ते बांधायला आलेल्या गटाच्या प्रवासासह एकूण खर्च सरासरी ३०,००० डॉलरच्या घरात. जाऊन आलेले म्हणत होते की आमचे आयुष्य बदलले, आम्ही आता जास्त दान देतो. देणग्यांच्या नोंदी पाहिल्यावर वाढ किरकोळ निघाली. इव्हान इलिच या कॅथलिक विचारवंताने तर १९६८ मध्येच मेक्सिकोत जमलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले होते की तुमच्या सदिच्छा घेऊन घरी जा. इकडे यायचे तर पाहायला या, शिकायला या, उपकार करायला येऊ नका. व्हर बीक यांचा अभ्यास घरबांधणीचा होता, शिकवण्याचा नव्हे, म्हणून त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे वर्गावर लावता येणार नाहीत. पण त्यातून निघणारा प्रश्न वर्गालाही तंतोतंत लागू आहे: हेच काम तिथला माणूस कमी पैशांत करू शकतो का? करू शकत असेल, तर पाहुण्याने तिकिटाचे पैसे तिकडे पाठवावेत आणि घरीच राहावे. करू शकत नसेल, तर बोलावणे तिकडून यावे, विषय त्यांनी ठरवावा, आणि ‘पुढच्या वर्षी नका येऊ’ म्हणण्याचा हक्कही त्यांचा असावा. मुक्काम किती दिवसांचा, याने सेवा आणि पर्यटन यांतला फरक ठरत नाही. तो ठरतो कोणी बोलावले आणि मागाहून काय झाले यावर.

ख्रिस्ती परंपरेत अल्पकाळ शिकवणे ही काही विमानाबरोबर आलेली फॅशन नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडावीत. प्रेषित पौल करिंथ येथे दीड वर्ष राहिला, इफिस येथे तीन वर्षे, आणि थेस्सलनीका येथे सभास्थानात त्याने शिकवले ते तीन शब्बाथ. तिथून त्याला रातोरात निघावे लागले. तरी ती मंडळी टिकली, कारण त्याने पाठ फिरवली नाही. तीमथ्याला पाठवून खबर काढली, पत्रे लिहिली, त्यांच्या शंकांना उत्तरे दिली. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या मजकुरांत त्या पत्रांची गणना होते. आणखी एक तपशील व्यासपीठावरून सहसा ऐकू येत नाही. पौल एकटा होता, पण केफा (म्हणजे पेत्र) आणि इतर प्रेषित पत्नीला बरोबर घेऊन हिंडत, असे तोच करिंथकरांना लिहितो. करिंथमध्ये तो उतरला तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवणाऱ्या नवराबायकोच्या घरी. म्हणजे घर सोडल्याखेरीज शिकवणे होत नाही, असे मूळ ग्रंथात कुठेही नाही. आजच्या शिक्षकाने नमुना घ्यायचाच तर थेस्सलनीकेचा घ्यावा. मुक्काम तोकडा असेना, संबंध लांब असावा: वर्षातून एकदा तोच वर्ग, मधल्या अकरा महिन्यांत निबंध तपासणे, इंटरनेटवरून शंकानिरसन, आणि चार-पाच वर्षांनी आपल्या जागी तिथलाच कोणी उभा करणे. नुसते व्याख्यानच द्यायचे असेल तर आता त्यासाठी विमानात बसायची गरज नाही. ते पडद्यावरून होते. विद्यार्थ्याचा उपदेश त्याच्या गावात, त्याच्या भाषेत, दुभाष्याला शेजारी बसवून ऐकायचा असेल तर मात्र जावे लागते.

परतण्याचा प्रश्न एकट्या शिक्षकाचा नाही, विद्यार्थ्याचाही आहे. या चर्चेत तो जवळजवळ कोणी काढत नाही. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर यांच्यासमोर हीच अडचण होती. राजधानीत शिकायला आलेली खेड्यांतली तरुण मुले शिकून खेड्यात परत जात नव्हती. ज्यांना गावात मान होता, ज्यांच्या शब्दावर मंडळी चालत होती, ते शेतीवाडी आणि मुलेबाळे सोडून तीन वर्षे वसतिगृहात येऊ शकत नव्हते. १९६३ मध्ये त्यांनी उलटे केले. शिक्षक ठरावीक दिवशी गावांकडे जाऊ लागले आणि विद्यार्थी आपापल्या घरी राहून शिकू लागले. ही पद्धत पुढे भारतासह कितीतरी देशांत पसरली. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाचा खरा उपयोग या चौकटीत दिसतो. एक माणूस तीन आठवडे घराबाहेर राहतो म्हणून तीस माणसांना तीन वर्षे घर सोडावे लागत नाही. परदेशी शिष्यवृत्त्यांनाही हेच माप लावावे. जॉन स्टॉट यांनी सुरू केलेल्या लँगहॅमच्या योजनेत डॉक्टरेट करणाऱ्याने मायदेशी परतून शिकवावे अशी अपेक्षा असते. ती नसती तर अशा मदतीने गरीब देशांतली चर्चे आणखी ओस पडली असती.

भारतापुरता एक मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण इथे परतीचे तिकीट खरोखर अन्यायाचे ठरू शकते. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचाराचे काम करता येत नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांनाही मिशनरी किंवा तबलिगी कामासाठी खास परवानगी लागते. हे नियम कडक आहेत की अवाजवी, यावर वाद होऊ शकतो, व्हायलाही हवा. पण नियम चुकवून येणारा शिक्षक जोखीम कोणावर टाकतो ते पाहावे. तो विमानात बसतो, आणि चौकशीला तोंड देतात ते त्याला उतरवून घेणारे. २०२० मध्ये अहमदनगर जिल्ह्यात तबलिगी जमातीच्या २९ परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा त्यांना आसरा देणारे स्थानिक लोकही त्यात ओढले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या ऑगस्टमध्ये गुन्हे रद्द केले, तोवरचे महिने जायचे ते गेलेच. धर्म वेगळा असला तरी पाहुणा आणि यजमान यांच्यातली विषमता तीच. योग्य व्हिसा मिळत नसेल तर वर्ग रद्द करणे, हा यजमानाविषयीच्या आदराचा भाग आहे.

राहिला घरचा हिशेब. तीन आठवडे म्हणजे थोडकेच, असे जाणाऱ्याला वाटते. आजारी सासूसासरे, दहावीचा मुलगा आणि स्वतःची नोकरी सांभाळणाऱ्या जोडीदाराला तसे वाटेलच असे नाही. धर्मकार्यासाठी घराबाहेर पडलेल्या पुरुषाची बाजू आपल्याकडे भरपूर लिहिली गेली आहे. मागे राहिलेल्या बाईची बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतकी उघडपणे मराठीत क्वचितच कोणी मांडली असेल. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतर ती दोघे काही वर्षे विभक्त राहिली, आणि त्या वर्षांची किंमत पुस्तकाच्या पानापानांवर आहे. चर्चमध्ये निरोपाची प्रार्थना होते, हात ठेवून आशीर्वाद देतात, परतल्यावर फोटोंसह अहवाल होतो. घरच्यांना मात्र व्यासपीठावर बोलावून कोणी काही विचारत नाही. पाठवणाऱ्या मंडळीने घरच्या माणसाची संमती आधी आणि स्वतंत्रपणे घ्यावी, ‘प्रभूचे बोलावणे’ या शब्दांचा दाब न आणता, आणि नकार आला तर तोही मान्य करावा. मुलांच्या परीक्षा, घरातले आजारपण, लागोपाठ दोन वर्षे न होणारी सुट्टी, हे सगळे दौऱ्याच्या अंदाजपत्रकात प्रवासभाड्याच्या शेजारी मांडता येते. आणि पाच वर्षे त्याच वर्गावर गेल्यावर सहाव्या वर्षी तो विषय शिकवणारा माणूस तिथेच तयार झाला असेल, तर सहाव्या तिकिटाचे पैसे मंडळीने त्याच्या पगारात घालावेत.