चालतोय ना, मग परत कशाला द्यायचा?

गेल्या महिन्यात आमच्या आपा चार दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. रात्री जेवणं आटोपली की आमच्या घरातले सगळे फोन एकाच बोर्डावर ओळीने चार्जिंगला लागतात. आपांचा फोन तिथे ठेवताना आमच्या मुलीच्या लक्षात आलं, की तो टेबलावर सपाट बसतच नाही. मागचं झाकण पुरीसारखं फुगलं होतं आणि कडेला बोटाचं नख जाईल एवढी फट पडली होती.

"फुफी, हा फोन बंद करा. बॅटरी फुगलीय," मुलगी म्हणाली.

"अगं, दोन महिने झाले, असाच आहे. चालतोय ना, मग कशाला?" आपांनी तिला गप्प केलं.

धाकट्याने लगेच तोडगा काढला. "फुफी, बंद पडायच्या आत जुन्या फोनच्या दुकानात देऊन टाकू. हजार-बाराशे तरी येतील. कव्हर घालून दिला तर कुणाला कळणार पण नाही."

ही दोन वाक्यं कुठल्याही घरात ऐकू येतील अशी आहेत, आणि दोन्ही वाक्यांत धोका आहे. म्हणून या वेळी सदरासाठी आम्ही हाच विषय घेतला. 'चालतोय ना' या समजुतीची मोठी परीक्षा २०१६ साली साऱ्या जगाने पाहिली. ती हकीकत आधी सांगतो.

त्या वर्षी १९ ऑगस्टला सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन दक्षिण कोरिया, अमेरिका आणि इतर काही देशांत विक्रीला आला. भारतात त्याची किंमत ५९,९०० रुपये जाहीर झाली होती. दोनच आठवड्यांत फोन चार्जिंगला असताना तापल्याच्या, जळाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. २ सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवली आणि जगभरातले सुमारे २५ लाख फोन बदलून देण्याचं जाहीर केलं. तोवर जगभरातून नोंदलेल्या घटना होत्या ३५. कंपनीच्या हिशेबाने दहा लाख फोनमागे २४ फोन सदोष निघत होते.

हा आकडा नीट पाहा. दहा लाखांत २४. म्हणजे ज्यांच्या हातात तो फोन होता, त्यांच्यातल्या जवळपास प्रत्येकाचा फोन उत्तम चालत होता. स्क्रीन सुंदर, कॅमेरा झकास, पैसे तर केव्हाच मोजलेले. अशा माणसाला कंपनी सांगते, 'फोन बंद करा आणि परत आणा.' त्याच्या मनात पहिला विचार आपांचाच येणार: माझा तर चालतोय!

पण २४ फोन कोणते, हे बाहेरून पाहून कुणालाच सांगता येत नव्हतं. दोष आत होता. फोनच्या बॅटरीत धातूचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर गुंडाळलेले असतात आणि ते एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये एक अगदी पातळ पडदा असतो. आतला द्रव पेट घेणारा असतो. पडदा फाटला आणि पत्रे टेकले की शॉर्टसर्किट होतं, उष्णता वाढते, वाढलेली उष्णता आणखी उष्णता निर्माण करते आणि काही क्षणांत बॅटरी पेटते. २३ जानेवारी २०१७ रोजी कंपनीने चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. पहिल्या खेपेच्या बॅटऱ्यांत एका कोपऱ्यात पत्रा दबून वाकला होता. दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्यांत जोडकामाच्या वेळी राहिलेली धातूची टोकं पडदा भेदत होती. हे शोधायला कंपनीला दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासाव्या लागल्या. घरबसल्या फोन कानाला लावून 'माझा बरा आहे' म्हणणाऱ्याला ते कसं कळणार?

अमेरिकेत १५ सप्टेंबरला तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अधिकृतपणे फोन परत मागवले, तेव्हा एकट्या त्या देशात बॅटरी तापल्याच्या ९२ तक्रारी होत्या. त्यांत २६ जणांना भाजलं होतं आणि ५५ ठिकाणी मालमत्तेचं नुकसान झालं होतं. ग्राहकांपुढे दोन मार्ग ठेवले गेले: बदली फोन घ्या किंवा पैसे परत घ्या. बदली फोन सुरक्षित आहे हे ओळखता यावं म्हणून त्याच्या स्क्रीनवर बॅटरीची खूण हिरवी केलेली होती. अनेकांनी विश्वासाने बदली फोन घेतला.

आणि ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुइव्हिल इथे, उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात एका प्रवाशाच्या बदली फोनमधूनच धूर निघाला. विमान रिकामं करावं लागलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर बदली फोनच्या आणखी तक्रारी आल्या आणि ११ ऑक्टोबरला कंपनीने हा फोन बनवणंच कायमचं थांबवलं. १५ ऑक्टोबरपासून अमेरिकेत तो विमानात बंद करूनही नेता येईना.

भारतात हा फोन दुकानात येण्याआधीच विक्री थांबली. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांच्या हाती फोन पडलाच नाही. तरी परदेशातून कुणी आणला असेल म्हणून आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ९ सप्टेंबरलाच विमानात तो चालू करण्यास आणि चार्ज करण्यास मनाई केली. त्याच महिन्यात सिंगापूरहून चेन्नईला आलेल्या एका विमानात वरच्या कप्प्यातून धूर निघाला. तो फोन त्याच कंपनीचा, पण जुना, नोट २ होता. म्हणजे गोष्ट एका मॉडेलपुरती नव्हती.

या सगळ्यात आम्हाला विचारात पाडणारा भाग पुढचा आहे. एवढ्या बातम्या, एवढ्या सूचना होऊनही काही लोकांनी फोन परत दिलाच नाही. ग्राहकांच्या हाती गेलेल्या सुमारे तीस लाख फोनपैकी जानेवारी २०१७ पर्यंत ९६ टक्के परत आले. उरलेले चार टक्के म्हणजे लाखाहून जास्त फोन. ते कुणाच्या तरी उशाशी होते, गाडीत होते, मुलांच्या हातात होते. शेवटी अमेरिकेत डिसेंबरमध्ये कंपनीने फोन चार्जच होऊ नयेत असं अपडेट पाठवायचं ठरवलं. तिथल्या व्हेरायझन या मोबाइल सेवा कंपनीने ते लगेच पाठवायला नकार दिला. सुट्टीच्या प्रवासात एखाद्याजवळ तोच एक फोन असेल आणि अडचणीच्या वेळी तो बंद पडेल, ही तिची चिंता होती. ती चिंताही खोटी नव्हती. घरात एकच फोन असेल तर तो परत देणं सोपं नसतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आपल्याकडच्या ज्येष्ठ वाचकांना २००७ चा ऑगस्ट आठवत असेल. तेव्हा घरोघरी नोकिया होता, ११०० नाहीतर १६००. कंपनीने जाहीर केलं, की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, त्या आम्ही बदलून देऊ. जगभरात तशा सुमारे शंभर घटना झाल्या होत्या. आपल्याकडे अफवा मात्र अशी पसरली, की सगळेच फोन फुटणार. सेवा केंद्रांपुढे गर्दी झाली. खरं तर बॅटरी काढून तिच्या मागचा २६ अक्षरांचा क्रमांक तपासला की आपली बॅटरी त्यात आहे की नाही ते कळत होतं. एकीकडे 'चालतोय ना' म्हणून गप्प बसणं आणि दुसरीकडे अफवेमागे धावणं, या दोन्हींच्या मधला मार्ग तोच आहे: आपला क्रमांक तपासणं.

तेव्हा उद्या तुमच्या फोनबद्दल अशी बातमी आली तर काय कराल? सगळ्यात आधी फोनवर *#०६# दाबा. स्क्रीनवर पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक येईल. तो वहीत लिहून ठेवा, बिलाबरोबर जपा. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात हा क्रमांक देऊन विचारा. आखातातून भावाने किंवा मुलाने पाठवलेला फोन असेल, तर तिकडचं बिलही मागवून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कुठल्याही लिंकवर क्रमांक भरू नका. क्रमांक यादीत असेल तर फोन बंद ठेवा, चार्जिंगला लावू नका. बदली फोन हवा की पैसे परत, हे घाईने ठरवू नका. नोट ७ च्या वेळी ज्यांनी पहिल्याच फेरीत पैसे परत घेतले, त्यांची दुसरी फेरी वाचली. फोन देताना पोच घ्या. बॅटरी फुगलेली असेल तर साध्या कुरिअरने पाठवू नका. अमेरिकेत नोट ७ परत पाठवण्यासाठी कंपनीने आगीपासून जपणारे खास खोके दिले होते, आणि ते विमानाने पाठवायचे नव्हते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आहे. धोकादायक किंवा असुरक्षित माल बाजारातून परत मागवण्याचा आणि ग्राहकांना किंमत परत देण्याचा आदेश ते देऊ शकतं. सदोष वस्तूमुळे इजा किंवा नुकसान झालं, तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण या सगळ्याला एक कागद लागतो: बिल.

आमची पंचाईत तिथेच झाली. आपांच्या फोनची मूळ बॅटरी कधीच गेली होती. नवी त्यांनी गावातल्या एका दुकानातून स्वस्तात बसवून घेतली होती. बिल नाही, बॅटरीवर बनवणाऱ्याचं नाव नाही. आपल्या देशात मोबाइलच्या बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा लागतो. तोही नव्हता. दुकानदार म्हणाला, "गॅरंटी नव्हतीच, ताई." दोनशे रुपये वाचवायला गेलो आणि तक्रार करायचा हक्क घालवून बसलो.

आता धाकट्याच्या तोडग्याबद्दल. विकताना मालातला ऐब सांगावा, हे आपल्या घरात त्यालाही लहानपणापासून शिकवलेलं आहे. आम्ही त्याला एवढंच विचारलं, "हजार रुपयांत जुना फोन कोण घेतो?" थोडा वेळ विचार करून तोच म्हणाला, "ज्याला नवा परवडत नाही तो." म्हणजे बांधकामावरचा मजूर, शाळेच्या मुलीसाठी फोन शोधणारी एखादी आई. तो फोन रात्री त्यांच्या झोपडीत, बहुतेक अंथरुणावरच चार्ज होणार. कव्हर घालून आपण फोनबरोबर आपला धोकाही त्यांना विकला असता, आणि वर पैसे घेतले असते.

फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकणंही तसंच. कचरा गाडीत दबली, टोचली गेली तर ती पेटते आणि हात भाजतात ते सफाई कामगाराचे किंवा कचरा वेचणाऱ्या बाईचे. ती कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. तोवर तिला टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. फोनमधून धूर निघालाच तर हातात धरू नका, उशी-गोधडीने झाकू नका. शक्य असेल तर आधी बोर्डाचं बटण बंद करा, मुलांना दूर न्या आणि लांबून भरपूर पाणी ओता. उमऱ्याला, हजला निघालेल्यांनी पॉवर बँक मोठ्या बॅगेत न टाकता जवळच्या पिशवीत ठेवावी. शंभर वॅट-अवरपर्यंतची, म्हणजे साधारण २७ हजार एमएएचपर्यंतची चालते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आपांचा फोन बंद करून, घमेल्यात वाळू घालून त्यावर ठेवला आणि तसाच कंपनीच्या सेवा केंद्रात नेला. खूण असलेली नवी बॅटरी बसवली, जुनी तिथेच दिली, बिल घेतलं. खर्च त्या हजार-बाराशेच्या आसपासच आला. आपा थोड्या कुरकुरल्या. संध्याकाळी मात्र त्यांनी बिलाची घडी करून पर्समधल्या छोट्या कप्प्यात ठेवली आणि रात्री झोपताना फोन उशाखालून काढून समोरच्या कपाटावर ठेवला.

आज रात्री चार्जिंगला लावण्याआधी तुम्हीही घरातला प्रत्येक फोन एकदा टेबलावर सपाट ठेवून पाहा. डुगडुगला, तर तो चालतोय की नाही हे विचारू नका. आधी बंद करा.