मुलांना विचारा

शासकीय ओपीडी बहुतेक ठिकाणी सकाळी चालते, म्हणजे नेमकी शाळा-कॉलेजच्या वेळेत. केसपेपर काढायच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसलं, तर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तिथूनच माघारी वळेल. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, ती मुलगीच सांगेल. तिला विचारायला मात्र हवं.

'राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम' २०१४ मध्ये सुरू झाला. १० ते १९ वयोगटासाठीच्या या कार्यक्रमात गावपातळीवर समवयस्क शिक्षकही आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ठरलेला निरोप पोचवणं वेगळं आणि निरोप काय असावा हे ठरवण्यात वाटा असणं वेगळं. ऑस्ट्रेलियात २००६ साली स्थापन झालेल्या, तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या 'हेडस्पेस' संस्थेच्या केंद्रांनी १२ ते २५ वयाच्या तरुणांना सल्लागार गटांत घेतलं. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेनेही शाळकरी मुलांसाठीची समुपदेशनाची पद्धत मुलांशी बोलून घडवली. त्यातून चित्रकथांच्या पुस्तिका आल्या.

आपल्याकडे समित्यांवर मुलं घेतात ती बहुधा उद्घाटनाच्या फोटोपुरती. त्यांना मताचा अधिकार हवा, प्रवासखर्च आणि मानधन हवं, आणि त्यांच्या सूचनेचं पुढे काय झालं याचं उत्तरही हवं. नापास झालेली, शाळा सुटलेली, ऊसतोडीला जाणारी मुलं या गटांत नसतील, तर ते गट अपुरेच.

आमच्या तरुण वाचकांनो, तुमच्या गावात तुमच्यासाठीची आरोग्यसेवा कशी असावी, ते आम्हाला लिहून कळवा. आम्ही ते छापू.